घर बांधायला घरचे हात: कुठे लावायचे, कुठे नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाटण तालुक्यात वडिलांच्या नावावरची गावठाणातली जागा, ७०० चौरस फुटांचं घर, हातात १२ लाख. वडील निवृत्त, आई साठीची, तुम्ही गावात, धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला, दोघांच्या बायका मदतीला तयार. मजुरी वाचवण्यासाठी जमेल तेवढं काम घरच्यांनीच करायचं ठरलंय. जेसीबीनं जागा सपाट करून झाली आहे आणि आईच्या मनात गुढीपाडव्याला कुदळ मारायची आहे. मी २६ वर्षं कराड-पाटण पट्ट्यात साइटवर काढली आहेत, त्यातली बहुतेक अशाच घरांवर. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मजुरीचा हिशेब करू. आज आपल्या भागात बिगाऱ्याचा रोज ६०० रुपयांच्या आसपास आहे. तुम्ही घरच्यांनी मिळून दोन बिगाऱ्यांचं काम ६० दिवस केलंत, तर वाचले ७२,००० रुपये. १२ लाखांत ते ६ टक्के होतात. धाकट्यानं त्यासाठी बिनपगारी रजा काढली, तर त्यातलेही १५-२० हजार गेले. म्हणजे वाचतात, पण तुम्हाला वाटतंय तेवढे वाचत नाहीत. गवंड्याचं, सेंट्रिंगवाल्याचं (काँक्रीटसाठी फळ्यांचा साचा आणि टेकू लावणाऱ्याचं), बार बेंडरचं (सळ्या वाकवून बांधणाऱ्याचं) काम तुम्हाला जमणार नाही, आणि मजुरीतला मोठा वाटा तिथेच जातो.

मग घरचे लोक कशाला हवेत? लक्ष ठेवायला. बजेटच्या घरात पैसा मजुरीपेक्षा जास्त तीन वाटांनी गळतो: मध्येच बदललेला नकाशा, न मोजता घेतलेला माल आणि पाण्याअभावी कच्चं राहिलेलं काँक्रीट. या तिन्ही वाटा फक्त घरचा माणूस बुजवू शकतो. ठेकेदाराला त्यातलं काही पडलेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही माझ्या साइटवर प्रत्येक ट्रॉलीमागे उभं राहणं जमलेलं नाही.

नकाशापासून सुरू करा. तुमच्या जागेत १४ बाय ५० ची लांबट पट्टीही बसते आणि २८ बाय २५ चा चौकही बसतो, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींचं क्षेत्रफळ ७०० चौरस फूट. पण पट्टीची बाहेरची भिंत भरते १२८ फूट आणि चौकाची १०६. २२ फूट भिंत जास्त, १० फूट उंचीची, ९ इंची. नुसत्या विटा मोजल्या तरी सव्वादोन-अडीच हजार. वर पाया, भिंतींवरून फिरणारे काँक्रीटचे पट्टे, दोन्ही बाजूंनी मिळून ४४० चौरस फूट गिलावा आणि रंग. घरातल्या सगळ्यांनी महिनाभर घमेली वाहून जे वाचेल, त्यातलं बरंचसं एका पेन्सिलीच्या रेघेत वाचतं. चौक घ्या. कोपरे कमी ठेवा. संडास, बाथरूम आणि स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून ठेवा म्हणजे पाइप कमी लागतो. आतल्या भिंतींपैकी ज्यांच्यावर भार नाही त्या साडेचार इंची करा, मात्र कुठली भिंत भाराची ते इंजिनिअरनं ठरवायचं, गवंड्यानं नाही.

नकाशा एकदा झाला की जमिनीवर फक्कीनं (पांढऱ्या भुकटीनं) खऱ्या मापात आखा आणि सगळ्या घरानं आठवडाभर त्यातून फिरा. आई चूल कुठे मांडणार, गॅसची टाकी कुठे, पलंग टाकल्यावर दार उघडतं का, पावसाळ्यात ओले कपडे कुठे. हे भांडण फक्कीवर करा. २००६ साली मी माझं स्वतःचं घर बांधलं तेव्हा जोत्यापर्यंत काम आल्यावर स्वयंपाकघराची बाजू बदलली, कारण वहिनीला खिडकीतून शेत दिसायला हवं होतं. मागणी रास्त होती, फक्त मी ती आधी विचारली नव्हती. जोत्याची एक बाजू फोडून पुन्हा घातली. इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसाच्या घरी हे झालं.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती त्या जेसीबीच्या कामाची. उतारावरची जागा सपाट केली म्हणजे वरच्या बाजूचा मुरूम कापून खालच्या बाजूला भरला. आता वरून एकसारखी दिसणारी ती जागा अर्धी मूळची आहे आणि अर्धी भरावाची. अशा जागेवर सगळीकडे सारखाच चार फूट पाया खणला, तर घराचं अर्धं अंग मुरमावर आणि अर्धं भुसभुशीत भरावावर बसतं. दोन पावसाळ्यांत भराव दबतो आणि घर मधोमध चिरतं. ती चीर लांबी (पुट्टी) भरून बुजत नाही, दरवर्षी परत येते. उपाय एकच, तो म्हणजे भरावाच्या बाजूचा प्रत्येक खड्डा भराव ओलांडून मूळ कठीण मुरमापर्यंत न्यायचा, मग तो सात फूट जावो नाहीतर नऊ. इथे पैसे वाचवू नका. खड्डे खणून झाले की इंजिनिअरला बोलवा, तळ पहारीनं ठोकून दाखवा आणि मगच पीसीसी (तळाला टाकायचा, सळई नसलेल्या काँक्रीटचा थर) ओता. त्याची हजार-दोन हजारांची फी देताना हात आखडू नका.

त्याच उताराचं दुसरं दुखणं पाणी. २०२१ च्या जुलैत आपल्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. डोंगर खचण्याच्या वाटेवर जागा आहे का, हे आधी जाणकाराकडून बघून घ्या. तशी नसली तरी कापलेल्या दरडीपासून मागची भिंत निदान पाच-सहा फूट सोडा आणि मध्ये चर काढून वरचं पाणी घराला वळसा घालून खाली न्या. हा चर खणणं हे अस्सल घरच्यांचं काम. गावात अजून सावड (एकमेकांच्या कामाला आळीपाळीनं जाणं) होत असेल तर दोन रविवारांत उरकेल, फक्त जेवण चांगलं ठेवा.

भूकंपाचं बोललं पाहिजे, कारण आपण कोयनेच्या अंगणात राहतो. ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट तुमच्या वडिलांना आठवत असेल. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः जड माळवदाखाली (मातीच्या सपाट छपराखाली) आणि दगड-मातीच्या जाडजूड, एकमेकींना न बांधलेल्या भिंतींखाली. भिंत जाड असली म्हणजे घर पक्कं, हा समज तिथे गाडला गेला. घराला बांधून ठेवतात ते पट्टे. जोत्यावर एक आणि दारं-खिडक्यांच्या वर लिंटेलच्या पातळीला एक, असे काँक्रीटचे पट्टे सगळ्या भिंतींवरून अखंड फिरले पाहिजेत. बरेच गवंडी लिंटेल फक्त खिडकीपुरता टाकतात, 'वाचतंय की' म्हणून. तुम्ही ऐकू नका.

एकमजली घराला पूर्ण कॉलम-बीमचा सांगाडा लागतोच असं नाही. तुमच्या इंजिनिअरला 'कन्फाइन्ड मेसनरी'बद्दल विचारा. यात आधी विटांची भिंत उभी करायची, कोपऱ्यांना तिच्या कडा दात्यांसारख्या पुढे-मागे ठेवायच्या आणि मग त्या खाचेत बारीक कॉलम ओतायचा. भिंत आणि काँक्रीट एकमेकांना धरून बसतात. फळ्या दोनच बाजूंना लागतात, त्यामुळे सेंट्रिंगही कमी होतं. गांधीनगरच्या आयआयटीची वसतिगृहं आणि कर्मचाऱ्यांची घरं याच पद्धतीनं बांधली आहेत, तेव्हा ही गरिबाची तडजोड आहे असं समजू नका. पण ज्याला ही पद्धत ठाऊक आहे त्याच्याकडूनच डिझाइन घ्या. आणि वर दुसरा मजला चढवायचा विचार असेल तर तो आत्ताच सांगा, नंतर नाही.

लोखंडाच्या बाबतीत घरच्या माणसानं दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे रिंगांचे, म्हणजे कॉलम-बीमच्या सळ्यांना वेढणाऱ्या बारीक कड्यांचे, हूक. रिंगेची दोन्ही टोकं आत, काँक्रीटच्या पोटात वळलेली हवीत, १३५ अंशांत. नुसती काटकोनात दुमडलेली रिंग भूकंपात उघडते. दुसरी गोष्ट कव्हर. सळई आणि फळी यांच्यामध्ये स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४० आणि पायाच्या फुटिंगला ५० मिलिमीटर काँक्रीट राहिलं पाहिजे. त्यासाठी सिमेंटचे छोटे ठोकळे लागतात, ज्यांना साइटवर कव्हर ब्लॉक म्हणतात. ते आधी पंधरा दिवस घरी ओतून, पाण्यात ठेवून तयार करा. तुमच्या बायका आणि आई हे काम ओट्यावर बसून करतील. ठोकळे नसले की गवंडी सळईखाली खडी सरकवतो, आणि दहा वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडून सळ्या दिसायला लागतात.

माल मोजणं हे वडिलांचं काम. निवृत्त माणसाला यापेक्षा चांगली नोकरी नाही. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीचा हौदा १० फूट लांब, ६ फूट रुंद असेल तर माल सरासरी २० इंच उंच भरला पाहिजे, तेव्हा एक ब्रास. उंची मध्ये ढीग बघून धरायची नाही. चारी कोपऱ्यांत आणि मध्ये सळई खुपसून पाच मापं घ्यायची आणि सरासरी काढायची. वाळू किंचित ओली असेल तर फुगते, कोरडीपेक्षा पाचवा हिस्सा जास्त जागा सहज व्यापते. म्हणजे ओली वाळू घेतलीत तर पाण्याचे नाही, हवेचे पैसे देता. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) घेतलीत तर तिच्यात भुकटी किती आहे ते काचेच्या बरणीत पाणी घालून हलवून बघा. वर गाळाचा जाड थर बसला तर गाडी परत.

सळईचं वजन काट्यावर होतं, पण घरी पडताळता येतं. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. १२ मीटरची ८ मिलिमीटरची सळई ४.७४ किलो, १० ची ७.४ आणि १२ ची साधारण १०.७. नग मोजा, गुणा, पावतीशी ताडा. दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालतं. त्याहून जास्त फरक असेल तर दुकानदाराला शांतपणे विचारा. तुम्ही मोजता हे एकदा कळलं की पुढच्या गाड्या बरोबर येतात. सिमेंट लागेल तसंच आणा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, आधी आलेलं आधी वापरायचं. आपल्याकडच्या जुलैत ठेवलेलं पोतं महिन्याभरात गुठळ्या धरतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, पक्की पावती मागा आणि तो फरक तुमच्यापर्यंत पोचतोय का बघा.

स्लॅबच्या दिवसाबद्दल सविस्तर लिहितो, कारण घरातले सगळे त्या दिवशी असणार आणि सगळे चुकीच्या जागी असणार. पाहुणे येतील, नारळ फुटेल, कामगार मटण मागतील आणि ते त्यांना द्यायलाच हवं. पण घरातला एक माणूस मिक्सरपाशी पाण्याच्या पिंपाजवळ उभा करा. त्यानं हलायचं नाही. एका पोत्याला पाणी २५ लिटर, फार तर २८. काँक्रीट पातळ असलं की ओढायला सोपं जातं म्हणून कामगार पाणी वाढवतात. कष्ट त्यांचे वाचतात, ताकद तुमच्या स्लॅबची जाते. हा मोह मी २६ वर्षांत एकाही साइटवर नसलेला पाहिला नाही. माप घमेल्यांनी नको, फर्म्यानं. आतून ३० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३९ उंच अशी लाकडी पेटी केली की ३५ लिटर भरतं, म्हणजे बरोबर एक पोतं. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटला एका पोत्यास दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी. वाळू ओली असेल तर फर्मा थोडा जास्त भरावा लागतो, ते इंजिनिअर सांगेल. ७०० फुटांच्या पाच इंची स्लॅबला बीम सोडून ६५ च्या आसपास पोती लागतील; संध्याकाळी रिकामी पोती मोजा. ५० च निघाली तर काय झालं ते तुम्हाला कळेल. आणि आदल्या रात्री वायरमनकडून पाइप आणि पंख्यांचे बॉक्स टाकून घेतले का ते बघा. दुसऱ्या दिवशी आठवून उपयोग नसतो.

त्यानंतरचे दोन आठवडे खरे घरच्यांचे. स्लॅबवर मातीची आळी बांधून पाणी साठवून ठेवायचं. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि राखमिश्रित, म्हणजे आज दुकानात बहुतेक मिळतं त्या पीपीसीला निदान १० दिवस, असं आपलं मानक, आयएस ४५६, सांगतं. मी १४ सांगतो. भिंती, कॉलम, गिलावा यांनाही पाणी हवं; कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा. सकाळी शाळेत जाण्याआधी मुलांनी पाइप धरला तरी चालतो, पण दुपारी बाराच्या उन्हात कोरडं पडायला नको. यात तुमची मजुरी काही वाचत नाही, कारण ठेकेदार यासाठी माणूस ठेवतच नाही. पण याच कामात घराचं आयुष्य वाढतं. टेकू काढायची घाई करू नका. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) १५ फुटांच्या आत असेल तर मानक ७ दिवसांनंतर स्लॅबचे टेकू काढू देतं, त्यावर १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४. पीपीसीला त्याहून वेळ द्या. सेंट्रिंगवाला दुसऱ्या साइटसाठी फळ्या मागायला चौथ्या दिवशी येईलच. त्याच्याशी हे आधी ठरवून ठेवा.

छपराचा एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो मीच काढतो. आपल्या भागात लोक मोठ्या खर्चाचा स्लॅब टाकतात, दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तो झिरपतो आणि मग त्याच्यावर लोखंडी सांगाडा करून पत्रा चढवतात. छप्पर दोनदा बांधलं. बजेट १२ लाखांचं असेल तर विचार करा: अर्ध्या घरावर, म्हणजे संडास-बाथरूम, स्वयंपाकघर आणि एका खोलीवर स्लॅब, ज्यावर पाण्याची टाकीही बसेल, आणि उरलेल्या भागावर उताराचं पत्र्याचं किंवा कौलांचं छप्पर, खाली सिलिंग. घराला स्लॅब नाही म्हणजे कमीपणा, हे गावात कुणीतरी बोलेल. बोलू द्या. मात्र असं केलंत तरी लिंटेलचा पट्टा अखंडच हवा आणि छप्पर पट्ट्याला बोल्टनं बांधलेलं हवं.

बाकी हातात काय घ्यायचं? जोत्यातली भर: मुरूम सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसानं धुमसून. हे काम ठेकेदाराकडे दिलं की एकदम दोन फूट ओततात आणि वर्षानं फरशी खचते. विटा भिजवणं. गिलाव्याआधी काँक्रीटला टाचे मारणं, म्हणजे गिलावा धरावा म्हणून खाचा पाडणं. रंग पूर्ण घरचा. शोषखड्डा खणणं. सिमेंट हाताला खातं, म्हणून गमबूट आणि हातमोजे घ्या, संध्याकाळी खोबरेल लावा. आईला घमेलं उचलू देऊ नका. वीज आणि नळ परवानाधारकाकडेच.

आणि वही. एकच वही, त्यात रोजचा खर्च, कुणी दिला, कुणाला दिला. माझं आणि थोरल्या भावाचं १८,००० रुपयांच्या खडीवरून दोन वर्षं बोलणं नव्हतं; त्यानं दिले होते, मी लिहिले नव्हते. तुमच्या बाबतीत जागा वडिलांच्या नावावर, पैसे दोघा भावांचे. बहीण असेल तर तिचाही विषय आज काढा. वडिलांच्या पश्चात तिचा वाटा तुमच्याइतकाच आहे. कुणाचे किती पैसे लागले, पुढे खोल्या कुणाच्या, हे वडिलांसमोर कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि तो कागद वकिलाला दाखवा. घरकुलाच्या यादीत वडिलांचं नाव आहे का, तेही ग्रामपंचायतीत बघून घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेचे १ लाख २० हजार कामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात. मंजुरी येण्याआधी काम सुरू केलंत तर ते अडकू शकतात. बांधकाम परवानगीही तिथूनच कळेल.

आता आईचा पाडवा. मुहूर्त मोडू नका, उलट तो आपल्या कामाचा आहे. पाडव्यापासून आपल्याकडे पाऊस लागेपर्यंत हातात दोन-अडीच महिने. एवढ्यात पूर्ण घर ओढायला गेलात तर स्लॅब जूनच्या पहिल्या सरीत भिजेल आणि गिलावा राहील. त्याऐवजी पाया, जोतं, जोत्यावरचा पट्टा आणि आतली भर एवढंच करा आणि थांबा. वर आलेल्या सळ्यांना सिमेंटची लापशी फासा म्हणजे गंज धरणार नाही. मागचा चर मोकळा ठेवा. पावसाळाभर ती भर भिजेल, दबेल, जिथे खचेल तिथे दसऱ्याला मुरूम टाकून पुन्हा धुमसा. चार महिन्यांत दोघा भावांकडे आणखी काही जमेल, कर्ज तेवढं कमी. भिंती दिवाळीनंतर, विटा वीटभट्ट्या पेटल्यावर नव्या, स्लॅब होळीच्या आत. पाडव्याला खणलेल्या खड्ड्यांचे, विशेषतः खालच्या बाजूच्या खड्ड्यांच्या तळाचे फोटो काढून मला पाठवा, मी बघून सांगतो.